चमचाभर न्यूट्रॉन तारा मोजला कुणी? (सोन्यावर सोनं आपटून)

मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल, न्यूट्रॉन ताऱ्यातलं एक चमचा मटेरियल पृथ्वीवर आणलं तर अब्जावधी टन भरेल वगैरे, खाली हात जोडलेले इमोजी. पाचसहा जणांनी अंगठे टाकले, विषय संपला असं वाटलं, तेवढ्यात आत्याने विचारलं, "हे मोजलं कुणी रे? चमचा घेऊन गेलं कोण तिकडे?" आणि मला टॅग केलं, कारण एमएससीला माझं न्यूक्लियर फिजिक्स स्पेशल होतं (नोकरी आयटीत, ते सोडा).

चार ओळींत उत्तर लिहायला बसलो आणि अडकलो. अर्ध्या चमच्याचं उत्तर सोपं आहे, उरलेल्या अर्ध्यावर अजून भांडणं चालू आहेत आणि ती भांडणं जर्मनीत सोन्याची टक्कर करून सोडवायचा प्रयत्न चाललाय. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून इथे.

आधी सोपा भाग

अणूच्या मधोमध न्यूक्लियस असतो, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉनवर विजेचा प्लस चार्ज, न्यूट्रॉनवर काहीच नाही, वजनाला दोघं जवळपास सारखे. आता गंमत अशी की न्यूक्लियस छोटा असो की मोठा, अगदी हलके सोडले तर सगळ्यांच्या आतली दाटी सारखीच असते. बुंदीच्या लाडवासारखं, लाडू मोठा वळला तर बुंदी जास्त लागते पण घट्टपणा तोच राहतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी न्यूक्लियसवर इलेक्ट्रॉन मारून ही दाटी मोजली, १९६१ चं नोबेल त्यावरच मिळालं.

ती दाटी ग्रॅममध्ये मांडली तर एका घन सेंटिमीटरला साधारण २७ कोटी टन. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरा, म्हणजे १३५ कोटी टन झाले. म्हणजे चमचा घेऊन आकाशात जायची गरजच नाही, तोच माल तुमच्या अंगठीतल्या सोन्याच्या प्रत्येक अणूच्या मध्यात बसलाय, फक्त अतिशय कमी. (आणि ताऱ्यातून चमचाभर खरंच काढला तर वजन करायला तो थांबणारच नाही, वरचा दाब गेला की फुटून पसरेल, पण फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं.)

आता अवघड अर्धा. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याच्या दीडेकपट वस्तुमान आणि त्रिज्या जेमतेम बारा किलोमीटर, म्हणजे सगळा ऐवज हिंजवडीपासून हडपसरपर्यंतच्या गोळ्यात. सरासरी काढली तर दाटी न्यूक्लियसच्या साधारण दीडपट येते. पण सरासरीला काय अर्थ आहे, मधल्या भागात वरचं सगळं ओझं येतं, तिथे ती कित्येक पट जास्त असणार. किती पट? हे त्या मालाच्या कडकपणावर ठरतं. कापसाची जुनी गादी असेल तर बसल्यावर खाली टेकते, कडक फोमची असेल तर तेवढ्याच वजनाला थोडीशीच दबते. माल मऊ असेल तर तारा छोटा आणि मध्यात जास्त गच्च, कडक असेल तर तारा मोठा आणि मध्यात कमी गच्च. दाटी किती वाढवली की दाब किती वाढतो या तक्त्याला फिजिक्सवाले इक्वेशन ऑफ स्टेट म्हणतात, मी पुढे नुसतं कडकपणा म्हणतो.

सिमेट्री एनर्जी म्हणजे दोन विंगची चाळ

साधा लाडू किती कडक एवढंच माहीत असून भागत नाही, कारण न्यूट्रॉन ताऱ्यात बुंदी जवळपास एकाच रंगाची असते. नव्वद टक्क्यांच्या वर न्यूट्रॉन. आणि एकाच रंगाचा लाडू वळायला जास्त ऊर्जा लागते. ही जी जास्तीची ऊर्जा, तिचं नाव सिमेट्री एनर्जी.

जास्तीची का लागते? एक चाळ समजा, दोन विंग, लिफ्ट नाही. एका विंगमध्ये फक्त प्रोटॉन राहणार, दुसरीत फक्त न्यूट्रॉन, आणि नियम असा की एका खोलीत दोनच जण, तेही एकाने डावीकडे तर दुसऱ्याने उजवीकडे गिरकी घ्यायची. (खोल्यांचा हा नियम वोल्फगांग पाउली यांचा, १९२५ चा.) वीस भाडेकरू आले आणि दहा-दहा वाटले तर दोन्ही विंगमध्ये खालचेच मजले भरतात. पण वीसच्या वीस न्यूट्रॉन निघाले तर? एक विंग रिकामी आणि दुसरीत लोकं वरवरच्या मजल्यांवर चढतायत, सामान घेऊन, धापा टाकत. एकूण चढायची मेहनत वाढली. हे झालं अर्धं कारण. दुसरं अर्धं असं की प्रोटॉनला न्यूट्रॉनची ओढ स्वजातीयांपेक्षा जास्त असते. एक प्रोटॉन एक न्यूट्रॉन जोडी करून राहतात, जड पाण्यातला ड्यूटेरॉन तोच, पण नुसत्या दोन न्यूट्रॉनची जोडी टिकत नाही.

मग म्हणाल, शिशात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन कसे? सारखे का नाहीत? कारण प्रोटॉन एकमेकांना विजेने ढकलतात, त्यामुळे न्यूक्लियस मोठा झाला की प्रोटॉनच्या विंगचं अख्खं जोतंच वर उचललं जातं, आणि नव्या भाडेकरूला न्यूट्रॉनच्या विंगमधला वरचा मजला स्वस्त पडतो. कॅल्शियम-४० मध्ये वीस-वीस चालतं, शिशात नाही चालत.

१९३५ मध्ये जर्मनीचे वाइत्सेकर यांनी न्यूक्लियसच्या वजनाचा जो फॉर्म्युला दिला त्यात हा असमतोलाचा दंड आहेच. नेहमीच्या दाटीला आणि सगळेच न्यूट्रॉन असले तर हा दंड कणामागे साधारण ३२ एमईव्ही येतो (एमईव्ही हे न्यूक्लियसच्या दुनियेतलं ऊर्जेचं चलन समजा, समतोल, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखे असलेला, लाडू एकत्र राहण्याची बचत कणामागे १६ आहे, त्यावरून अंदाज येईल). असमतोल कमी असेल तर दंड त्याच्या वर्गाने कमी होतो. सोन्यात १९७ कणांपैकी ११८ न्यूट्रॉन आणि ७९ प्रोटॉन, फरक ३९, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा, त्याचा वर्ग पंचविसावा हिस्सा, म्हणून सोन्याला दंड कणामागे एक-सव्वा एमईव्हीच. ताऱ्याला मात्र जवळजवळ पूर्ण. हा पंचविसावा हिस्सा लक्षात ठेवा, पुढे तोच डोकेदुखी होणार आहे.

खरा प्रश्न दंड किती हा नाही

नेहमीच्या दाटीला दंड किती ते बऱ्यापैकी माहीत आहे. दाटी दुप्पट केली की तो किती होतो, हे माहीत नाही. वाढतो तर किती तिरकस वाढतो? या उताराला पुस्तकात एल म्हणतात आणि अख्खं भांडण या एका अक्षराचं आहे.

उतार एवढा महत्त्वाचा का ते सांगतो, इथे मलाही एमएससीला दोनदा वाचावं लागलं होतं. समतोल लाडू नेहमीच्या दाटीला आरामात असतो, ना फुगायचं ना आकसायचं, म्हणजे त्याचा दाब शून्य. दाब शून्य नसता तर न्यूक्लियस त्या आकाराला थांबलाच नसता. आता त्याच दाटीचा नुसत्या न्यूट्रॉनचा माल घ्या. त्याचा दाब कुठून येणार? समतोल भागाकडून शून्य, म्हणजे जवळपास सगळा दाब सिमेट्री एनर्जीच्या उतारातून. बारा किलोमीटरचा तारा स्वतःच्याच वजनाखाली कोसळत नाही त्यात या उताराचा मोठा हात आहे. उतार जास्त तर दाब जास्त, तारा मोठा.

मग सोन्यावर सोनं आपटायचं

दुप्पट दाटीचा माल पृथ्वीवर बनवायची एकच रीत सापडली आहे, दोन जड न्यूक्लियस एकमेकांवर आपटणे. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या दक्षिणेला डार्मश्टाट म्हणून शहर आहे, तिथल्या जीएसआय लॅबमध्ये सोन्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन ओरबाडून काढतात, उरलेले प्लस चार्जचे गोळे एका गोल मशीनमध्ये फिरवून वेग देतात आणि सोन्याच्याच पातळ पत्र्यावर सोडतात. बहुतेक गोळे काहीच न धडकता पत्र्यातून आरपार जातात, अणू आतून किती रिकामा असतो ते इथे कळतं. क्वचित एखादा समोरच्या न्यूक्लियसवर आपटतो. आपण ज्या प्रयोगाबद्दल बोलणार त्यात वेग प्रकाशाच्या सुमारे ७१ टक्के होता.

टक्कर झाली की १९७ अधिक १९७, एकूण ३९४ कण एका जागी चेंगरतात, दाटी नेहमीच्या दुप्पट-अडीचपट होते, आणि सेकंदाच्या एकावर बावीस शून्यं इतक्याव्या भागात सगळं उधळून जातं. फोटो काढायचा प्रश्नच नाही. हातात उरतं एवढंच की कुठला कण कुठल्या दिशेला किती वेगाने पळाला. आणि नेमकं तेच कामाचं असतं.

वडापाव घ्या हातात. दोन्ही बाजूंनी पाव दाबला की चटणी कुठून बाहेर येते? पाव आहे त्या बाजूने नाही, उघडी फट आहे तिथून. न्यूक्लियसची टक्कर बहुतेक वेळा बरोबर समोरासमोर होत नाही, जराशी बाजूला होते, म्हणजे दोघांचा मधला भाग एकमेकांत घुसतो आणि कडेचे तुकडे न धडकता सरळ पुढे जातात. हे कडेचे तुकडे म्हणजे पाव. जोवर ते बाजूला आहेत तोवर मधल्या दाबलेल्या मालाला त्या बाजूने वाट नाही, म्हणून तो वरून आणि खालून पिचकारीसारखा निघतो. माल जितका कडक तितकी पिचकारी जोराची, कारण कडक माल पाव निघून जायच्या आतच उसळी मारतो. सगळे कण मिळून ठरावीक दिशेने असे निघतात याला कलेक्टिव्ह फ्लो म्हणतात, एकत्र वाहणं.

तीन-चारशे कण आणि वाहणं? हे पाण्यासारखं कसं वाहील, असं तुम्हाला वाटत असेल तर १९७० च्या दशकात अनेक फिजिसिस्टनाही तेच वाटत होतं. १९७४ मध्ये फ्रँकफुर्टच्या वाल्टर ग्राइनर यांच्या ग्रुपने म्हटलं की न्यूक्लियस आपटले तर शॉक वेव्ह तयार होईल, माल बाजूला फेकला जाईल. कशाला, ते नुसते एकमेकांतून कण विखरत जातील, असं म्हणणारेही होते. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, अमेरिकेत बर्कलेच्या बेवालॅक मशीनवर प्लास्टिक बॉल नावाच्या डिटेक्टरने बाजूला उडालेला शिडकाव दाखवला आणि वाद मिटला. पुढे २००२ मध्ये पावेल डॅनिएलेविच, रॉय लेसी आणि विल्यम लिंच यांनी वीस वर्षांचा असा डेटा एकत्र करून हिशेब मांडला की या टकरीत एकावर चौतीस शून्यं पास्कलच्या वर दाब तयार होतो. आपल्या आजूबाजूच्या हवेचा दाब एकावर पाच शून्यं आहे. माल अगदी गादीसारखा मऊही नाही आणि फारच कडकही नाही, अशी दोन्ही टोकं त्यांनी कापली.

पण हा झाला मुख्यतः समतोल मालाचा कडकपणा. सिमेट्री एनर्जी यात कुठे आहे? त्या पंचविसाव्या हिश्श्यात लपलेली.

दोन चटण्या वेगळ्या मोजा

इथे जी युक्ती केली ती मला फार आवडते. पिचकारी किती जोराची हे मोजून त्यातून चार टक्क्यांचा परिणाम शोधायला गेलात तर हरवून जाल, बाकीच्या शंभर गोष्टींची अनिश्चितता त्याहून मोठी आहे. मग काय करायचं, वडापावात दोन चटण्या आहेत, लाल आणि हिरवी, दोन्ही एकाच पावात एकाच दाबाने पिळल्या जातायत. लाल किती उडाली हे नका विचारू, लाल हिरवीपेक्षा किती जास्त उडाली ते विचारा. दोघींना सारखंच लागू पडणारं बरंचसं गणित भागाकारात उडून जातं आणि उरतो तो मुख्यतः दोघींमधला फरक.

न्यूट्रॉन जास्त असलेल्या दाबलेल्या मालात सिमेट्री एनर्जी न्यूट्रॉनला बाहेर ढकलते आणि प्रोटॉनला आत ओढते, कारण तसं झालं की असमतोल कमी होतो आणि दंड वाचतो. दाटीबरोबर दंड जोरात वाढत असेल तर न्यूट्रॉनची पिचकारी प्रोटॉनच्या तुलनेत जास्त. हळू वाढत असेल तर कमी. झालं.

म्हणायला झालं, करायला महाकठीण, कारण न्यूट्रॉन दिसत नाही. चार्ज असलेला कण डिटेक्टरमधून जाताना वाटेत विजेच्या खुणा सोडत जातो, न्यूट्रॉन भुतासारखा निघून जातो. जीएसआयमध्ये यासाठी लँड नावाची एक भिंत होती, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि एक मीटर खोल, लोखंडाचे पत्रे आणि चमकणाऱ्या प्लास्टिकचे पत्रे आलटून पालटून लावलेले. न्यूट्रॉन लोखंडाच्या न्यूक्लियसवर आपटला की तिथून चार्जवाले कण उडतात, ते प्लास्टिकमध्ये गेले की प्रकाशाची बारीक चमक होते, कडेचे सेन्सर ती टिपतात. भिंतीच्या पुढे आणखी एक पातळ पडदा, पडद्यात चमक झाली आणि मग भिंतीत झाली तर कण चार्जवाला, पडदा गप्प आणि भिंतीत एकदम चमक तर न्यूट्रॉन. वेग कसा कळतो? निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ. प्रकाशाच्या ७० टक्के वेगाने पाच मीटर जायला चोवीस नॅनोसेकंद लागतात, म्हणजे घड्याळ नॅनोसेकंदाच्याही आत अचूक हवं.

अजून एक भानगड. प्रत्येक टक्कर वेगळ्या कलाची. कधी पाव आडवा, कधी उभा, कधी तिरका, आणि वर-खाली म्हणजे कुठे ते प्रत्येक टकरीला नव्याने ठरवायचं. त्यासाठी बाकीचे डिटेक्टर लावून बाजूला उडालेल्या इतर कणांवरून टकरीचा कल काढतात, मग त्याच्या हिशेबाने न्यूट्रॉन आणि चार्जवाले कण मोजतात. एका टकरीतून काहीच कळत नाही, ढीगभर टकरींची बेरीज केली की चित्र उमटायला लागतं.

२०११ च्या मे महिन्यात एसी-ईओएस नावाच्या प्रयोगाने हे केलं. निकाल २०१६ मध्ये आला. उतार, म्हणजे तो एल, ७२ एमईव्ही, तेरा इकडे तिकडे. त्यांच्या फॉर्म्युल्यात आकडे टाकून पाहिलं तर नेहमीच्या दाटीचा ३४ चा दंड (वरच्या ३२ ऐवजी ते ३४ धरतात) दुप्पट दाटीला साधारण ५५ होतो. म्हणजे दाटी दुप्पट, दंड दीडपटीच्या थोडा वर. टकरीतले बरेचसे कण जिथून येतात ती दाटी नेहमीच्या एक ते दोन पट, त्यामुळे हा आकडा तेवढ्याच पट्ट्यात बोलतो, त्यापुढचं तो सांगत नाही. बातम्यांमध्ये मात्र "ताऱ्याचं रहस्य उलगडलं" असंच येतं.

पण टक्कर तर प्रचंड गरम, तारा थंड?

बरोबर पकडलंत. टकरीतलं तापमान हजारो कोटी अंशांत जातं. न्यूट्रॉन ताऱ्याच्या आत दहा कोटी अंश असले तरी न्यूक्लियरच्या हिशेबात तो फ्रिजमधला माल. शिवाय टक्कर क्षणात संपते, माल नीट स्थिरावतसुद्धा नाही. म्हणून थेट वाचन होत नाही, मध्ये कॉम्प्युटर मॉडेल लागतं, ज्यात ३९४ कणांना सोडून ते कसे ढकलाढकली करतील ते टप्प्याटप्प्याने चालवून बघतात. सिमेट्री एनर्जीचा उतार बदलत जायचा, पिचकारी बघायची, प्रयोगाशी जुळली की थांबायचं.

आणि दुबळी बाजू हीच आहे. वेगवेगळ्या ग्रुपांची मॉडेलं एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देतात. म्हणून गेली काही वर्षं हे ग्रुप एकत्र बसून एकच सोपा गृहपाठ सगळ्या मॉडेलांना देतात, डबीत इतके कण, असे असे नियम, चालवा आणि उत्तर दाखवा. फिजिक्समध्ये आपलीच खाती अशी उघडून दाखवायला हिंमत लागते, मला त्यांचं कौतुक वाटतं. पण एल ७२ च्या पुढचं तेरा इकडे तिकडे जे आहे त्यात मॉडेलांमधला सगळा फरक धरलाय असं समजू नका.

जपानमध्ये राइकेन या संशोधन संस्थेत दुसऱ्या रस्त्याने गेले. सोन्याऐवजी कथिल, एकदा जास्त न्यूट्रॉनवालं आणि एकदा कमीवालं, आणि टकरीत तयार होणारे पायॉन नावाचे कण मोजले, प्लसवाले किती आणि मायनसवाले किती. २०२१ मध्ये त्यांनी एल ४२ ते ११७ च्या मध्ये सांगितला. पट्टा मोठा आहे, पण ७२ त्यात बसतो.

शिशाचं कातडं आणि न जुळणारे दोन आकडे

टक्कर न करताही उतार मोजता येतो. शिशात ४४ न्यूट्रॉन जास्त आहेत, ते सगळे मध्ये मावत नाहीत, थोडे कडेला सरकतात आणि न्यूक्लियसवर न्यूट्रॉनचं पातळ कातडं तयार होतं. उतार जास्त तर आतला दाब जास्त, कातडं जाड. अमेरिकेच्या जेफरसन लॅबमध्ये शिशावर इलेक्ट्रॉन मारले, एकदा डाव्या गिरकीचे, एकदा उजव्या, आणि दोघांच्या विखुरण्यात दहा लाखात साधारण अर्धा इतका फरक पकडला, कारण तो फरक वीक फोर्सचा (निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एक) आणि त्या फोर्सला न्यूट्रॉनच जास्त दिसतात. २०२१ मध्ये कातडं ०.२८ फर्मी निघालं, फर्मी म्हणजे मीटरचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. हे जाड कातडं आहे, त्यातून एल शंभराच्या वर जातो असा एक हिशेब आला. पुढच्याच वर्षी त्याच लॅबने कॅल्शियम-४८ चं कातडं मोजलं, ते ०.१२ फर्मी, म्हणजे पातळ, आणि त्यातून उतार बराच कमी येतो. लॅब एक, पद्धत एक, आणि दोन उत्तरं एकमेकांकडे पाठ करून उभी.

मग काय भरवसा ठेवायचा? माझं मत असं की भांडण दिसतं तेवढं मोठं नाही, शिशाच्या मोजमापात चौथ्या हिश्श्याएवढी अनिश्चितता आहे, ती धरली तर दोघांमधली दरी बरीच भरते. पण पूर्ण भरत नाही आणि त्याचं कारण अजून कुणी पटेल असं दिलेलं नाही. बारा किलोमीटरच्या ताऱ्याची त्रिज्या आणि ०.२८ फर्मीचं कातडं, दोघांच्या आकारात चारावर एकोणीस शून्यांचा फरक, आणि तरी दोन्ही एकाच उतारावर ठरतात.

आता आकाश काय म्हणतं

१७ ऑगस्ट २०१७ ला लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या डिटेक्टरांनी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना पकडले, तेरा कोटी प्रकाशवर्षांवर. विलीन व्हायच्या आधी एकाच्या ओढीने दुसरा किती लांबट होतो त्याचा ठसा गुरुत्वीय लहरींवर उमटतो. फार लांबट झाले नाहीत, म्हणजे तारे फार मोठे नव्हते, म्हणजे माल फार कडक नाही. नंतर त्या जागेची रेडिओ चमक नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपली. दुसरीकडे स्पेस स्टेशनवर २०१७ पासून बसवलेली नायसर दुर्बीण ताऱ्यावरच्या गरम डागांची एक्स-रे चमक बघून त्रिज्या काढते, आणि तिचे आकडे जरा मोठ्या ताऱ्याकडे झुकतात.

२०२२ मध्ये एका टीमने हे सगळं एका पातेल्यात घातलं, लायगोच्या लहरी, नायसर, न्यूक्लियर थिअरी आणि डार्मश्टाटच्या सोन्याच्या पिचकाऱ्या. सूर्याच्या १.४ पट ताऱ्याची त्रिज्या निघाली १२.०१ किलोमीटर, पाऊण किलोमीटर इकडे तिकडे. सोन्याच्या टकरींनी उत्तर थोडं कडक बाजूला, नायसरच्या दिशेने सरकवलं. थोडंच. पण अगदी वेगळ्या वाटेने आलेला साक्षीदार तीच गोष्ट सांगतो तेव्हा थोडंही पुष्कळ असतं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली, त्याचा संबंध इथे येतो. आकाशात टक्कर नक्की कुठे झाली हे सांगायला पृथ्वीवर लांबलांब डिटेक्टर लागतात. फेअर या डार्मश्टाटच्याच नव्या मोठ्या मशीनमध्ये भारत भागीदार आहे, कोलकात्याचे लोक तिथल्या डिटेक्टरवर काम करतायत.

याचा उपयोग काय

मिक्सर यातून निघणार नाही, आधीच सांगतो. पण उताराचा परिणाम त्रिज्येवरच थांबत नाही. दंड जास्त असेल तर तारा असमतोल टाळायला जास्त प्रोटॉन ठेवतो, आणि प्रोटॉन साधारण अकरा टक्क्यांवर गेले की तारा न्यूट्रिनो (कशालाही जवळपास न अडणारे अतिहलके कण) फेकत झपाट्याने थंड व्हायला लागतो. या थंड होण्याच्या पद्धतीचं नाव उर्का. जॉर्ज गॅमो आणि मारियो शेनबर्ग यांनी रिओ दि जानेरोच्या उर्का कॅसिनोवरून ते ठेवलं, तिथे जुगाऱ्याचे पैसे जितक्या लवकर गायब होतात तितक्या लवकर ताऱ्याची ऊर्जा गायब होते म्हणून. तारे विलीन होताना किती माल बाहेर फेकला जातो हेही कडकपणावर ठरतं, आणि त्या फेकलेल्या मालात सोनं तयार होतं. म्हणजे ज्या सोन्याची टक्कर करून आपण हे शोधतोय त्यातलं काही अशाच टकरीतून आलेलं असणार.

लँडच्या जागी आता न्यूलँड म्हणून नवा डिटेक्टर आहे, लोखंड काढून टाकलंय आणि नुसतं प्लास्टिक, न्यूट्रॉन जास्त नीट पकडतो. त्यावर जास्त वेगाच्या टकरी केल्या की दुप्पट दाटीच्या पुढचा उतार कळेल.

रविवारी आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं, चाळ आणि वडापावासकट. म्हटलं, ताऱ्याच्या वरच्या कवचाच्या जरा आतला चमचा धरलास तर १३५ कोटी टनांच्या आसपास, तो मोजलेला आहे. मधला चमचा त्याच्या कित्येक पट, पण किती ते उतारावर आहे आणि उतार अजून नक्की नाही. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग त्या फॉरवर्डवाल्याने एकच आकडा कसा टाकला?"